बिऱ्हाड गाडीमागे, सुट्टी कुणाची?

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे कुणी कौतुकाने वापरत नाही. ज्याला धड घर नाही, आज इथे तर उद्या तिथे, अशा माणसाबद्दल ती बोलली जाते. पण अलीकडे हेच पाठीवरचं बिऱ्हाड हौसेची गोष्ट झालं आहे. मुंबई-गोवा महामार्गावर अधूनमधून अशी एखादी गाडी दिसते. आत पलंग, ओटा, बेसिन, पंखा, सगळं. काही हौशी मंडळी तर आपल्याच गाडीच्या मागे दोन चाकांची छोटीशी खोली जोडतात आणि निघतात. कुणी कॅरॅव्हॅन म्हणतं, कुणी कॅम्पर. आमच्या आळीतल्या एका काकींनी त्याला सरळ 'चाकावरचं खोपटं' असं नाव देऊन टाकलंय.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. जिथे हॉटेलं नाहीत, मोठी बांधकामं करता येत नाहीत, तिथेही पर्यटकांनी मुक्काम करावा, हा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. आपला सिंधुदुर्ग तर १९९७ पासून देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून ओळखला जातो. एका बाजूला समुद्र आणि दोन तासांत सह्याद्रीचा माथा, असं भाग्य किती जिल्ह्यांच्या वाट्याला येतं? तेव्हा अशा गाड्या आपल्याकडे वाढणार, यात शंका नाही.

माझा प्रश्न वेगळाच आहे, मैत्रिणींनो. बिऱ्हाड निघालं की ते सांभाळणारीही त्याच्याबरोबर निघते. हॉटेलात निदान ओटा मागे राहतो. इथे तर ओटाच गाडीला बांधलेला! मग ही सुट्टी नक्की कुणाची?

हा प्रश्न मला पडला तो ऑक्टोबरात. दसरा झाला होता, कोजागिरी उलटली होती, दिवाळीच्या फराळाला अजून अवकाश होता. मालवणात अंगाची लाही लाही होत होती. अशात कोल्हापूरचा भाचा आणि भाचेसून शुक्रवारी रात्री फोंडा घाट उतरून आले. बोलेरोच्या मागे पांढरी, ठेंगणी, दोन चाकांची खोली. भाचा गॅरेज चालवतो. त्याने ती स्वतः बांधलेली, आरटीओत रीतसर नोंदवलेली. आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण उघडलं की शेगडी आणि पाण्याचा कॅन, आणि कोपऱ्यात कडी लागणारी एक अरुंद खोली, तिच्यात हलवता येणारं संडासचं भांडं. शेजारच्या काकी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "गो, तुम्ही घर सोडून जातल्यात काय घर घेवन?" सगळे हसलो. पण काकींनी नेमकं बोट ठेवलं होतं, हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं.

बेत शनिवार-रविवारचा. मालवणहून कुडाळ, सावंतवाडी, दाणोली करत आंबोली. हा घाट पूर्वी वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावच्या छावणीकडे माल नेणाऱ्या बैलगाड्यांचा रस्ता. गाडीला जोडलेलं बिऱ्हाड त्याला काही नवीन नाही. आणि ऑक्टोबरातली आंबोली म्हणजे काय सांगू! पावसाळ्यात तिथे धबधब्याखाली धिंगाणा घालणाऱ्या टोळक्यांमुळे बायका-मुलांना गाडीतून उतरायची चोरी. पाऊस सरला की ती गर्दी ओसरते. खाली शेतात पिवळं झालेलं भात, काही ठिकाणी कापणी सुरू, आणि वर कातळावर सोनकीची पिवळी फुलं. सकाळी कावळेसादला दरीतून धुकं वर येतं आणि समोरचं सगळं पुसून टाकतं. मालवणपासून जेमतेम ऐंशी किलोमीटर, पण उंची सुमारे ६९० मीटर. शाल लागते!

घाटात गाडी चालवत होती भाचेसून. तिच्याकडून मी दोन-चार गोष्टी शिकले, त्या मुद्दाम सांगते, कारण गाडीच्या गोष्टी आपल्यापर्यंत कुणी आणत नाही. मागे जोडलेल्या गाडीत जड सामान चाकांच्या वर आणि थोडं पुढे ठेवायचं. सगळं वजन शेपटाकडे गेलं तर ती गाडी झुलायला लागते आणि पुढच्या गाडीलाही हलवते. वळणावर मागची चाकं आतल्या बाजूने कापत येतात, म्हणून वळण मोठं घ्यायचं. मागे घेताना स्टिअरिंग नेहमीच्या उलट. आणि उतरताना नुसत्या ब्रेकवर भरवसा नाही. मागचं वजन ढकलत असतं, ब्रेक तापतात. ज्या गिअरमध्ये घाट चढला, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचा. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा तर कायद्याचाच नियम आहे. एका वळणावर समोरून उतरणाऱ्या गाडीतल्या गृहस्थांनी चाकामागे बाई बघितली आणि थांबायच्या ऐवजी हातवारे करून तिलाच मागे जायला सांगू लागले. ती शांतपणे इंजिन चालू ठेवून बसून राहिली. शेवटी गृहस्थ मागे सरकले. मागच्या सीटवरून सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. वय वर्षं चौऱ्याहत्तर!

इथवर सगळं झकास. मुक्काम गावातल्या एका घराच्या परड्यात, परवानगी घेऊन आणि पैसे देऊन. सासूबाई आणि मुलं त्या घरातल्या पर्यटकांच्या खोलीत, बाकीच्यांची सोय गाडीत आणि तंबूत. संध्याकाळी घडीच्या खुर्च्या मांडल्या. पुरुष मंडळी धुकं बघत बसली. मुलं बेडूक शोधायला गेली. आणि कुणीतरी अगदी सहज म्हणालं, "मामी, चहा टाकता?"

त्या 'मामी' शब्दात प्रेम होतं, बरं का. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. चहा झाला. मग मुलांना भूक लागली म्हणून पोहे. मग सासूबाईंना बाहेरचं तिखट चालत नाही म्हणून खिचडी. मग पुन्हा चहा. घरी भांडी घासायला नळ असतो आणि मोरी असते. इथे वीस लिटरचा कॅन, वाकून उभं राहायचं, अंधारात बॅटरी तोंडात धरायची आणि पाणी पुरवून पुरवून वापरायचं. दिवसभर ज्या मुलीने घाटात गाडी हाकली, तीच रात्री दहाला कुकर घासत होती, आणि दिवसभर शेजारी बसून आलेला तिचा नवरा तारे बघत होता. हे चित्र मला काही पचलं नाही.

मी रविवारी सकाळी शेगडीचं झाकण उघडलंच नाही. ज्यांच्या परड्यात उतरलो होतो, त्या वहिनींना विचारलं. त्यांनी गरमागरम घावणे आणि नारळाची चटणी करून दिली, दुपारी कुळथाची पिठी, भात आणि तळलेले पापड. सगळ्यांचे मिळून जे पैसे झाले ते त्यांच्या हातात दिले. सासूबाईंना पिठी-भात चालला, मुलांना घावणे आवडले, आणि आम्ही दोघी महादेवगडाच्या टोकावर तासभर नुसत्या बसलो. एक तास, काहीही न करता! आमचं कुणाचं काही बिघडलं नाही.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, घरी रोज रांधताच ना? म्हणूनच तर! जो दुकानात बसतो त्याला आपण सुट्टीच्या दिवशी गल्ला बरोबर घ्यायला सांगतो का? दुसरं कुणी म्हणेल, बाहेरचं खाणं परवडत नाही, पोटाला सोसत नाही, घरात मधुमेहाचा माणूस आहे. हे खरं आहे. मध्यमवर्गीय घराला चार वेळा हॉटेल झेपत नाही, आणि बरोबर नेलेल्या शेगडीने पुष्कळ पैसे वाचतात. काही जणींना डोंगरावर, उघड्यावर रांधायला मनापासून आवडतं, तेही मान्य. माझं भांडण शेगडीशी नाही. ती पेटवायची कुणी आणि नंतर घासायचं कुणी, हे निघण्याआधी ठरत नाही, याच्याशी आहे. गाडीत डिझेल कुणी भरायचं, टायरची हवा कुणी तपासायची, हे ठरतं. भांडी मात्र 'होतील हो' या खात्यात जातात. आणि 'होतील' म्हणजे कोण करणार, हे तुम्हाला-मला पक्कं ठाऊक आहे.

एवढं वाचून वाटेल, की मी या चाकावरच्या खोपट्याच्या विरोधात आहे. अजिबात नाही! उलट त्यातल्या एका गोष्टीसाठी मी त्याला शंभरपैकी शंभर गुण देईन. ती म्हणजे कोपऱ्यातली कडी लागणारी खोली.

आपण बायका प्रवासाची तयारी कशी करतो ते आठवा. आदल्या रात्री डबे, सकाळी कुलूप-किल्ल्या, आणि निघायच्या दोन तास आधीपासून पाणी बंद. एसटीने जायचं असो नाहीतर स्वतःच्या गाडीने, आपला प्रवास घोटभर पाण्यावर होतो. पुरुषांसाठी सगळा घाट मोकळा. आपण मात्र झुडुप शोधायचं, मागे कुणी आहे का बघायचं, सोबतीला नणंदेला उभं करायचं, पावसाळ्यात जळवांची आणि एरवी सापाकिरड्याची भीती वेगळीच. पाळीचे दिवस असले तर विचारूच नका. कितीतरी मुली त्यासाठी सहलीला 'मला बरं नाही' म्हणतात. पाणी कमी पिणं आणि लघवी तुंबवणं, यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो, हे डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतात. पण रस्त्यावर जागाच नसेल तर बाईने करायचं काय?

आम्ही जाताना एका ठिकाणी मोठी पाटी बघितली, 'महिला स्वच्छतागृह'. दाराला कुलूप. किल्ली कुणाकडे, कुणालाच माहीत नाही. असं कुलूप तुम्हीही कुठे ना कुठे पाहिलं असेलच. या विषयावर मुंबईतल्या महिला कार्यकर्त्यांनी २०११ साली 'राईट टू पी' नावाची मोहीम सुरू केली, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती. पेपरात असे विषय कशाला, म्हणून. पण त्याआधी न बोलल्याने काय मिळालं होतं?

आंबोलीहून परतताना सासूबाईंनी गाडीत बाटली मागितली आणि घटाघटा अर्धी संपवली. मी बघतच राहिले. म्हणाल्या, "माका आता पाणी पिवक भिती नाय." लग्न होऊन पन्नास वर्षांवर झाली, जत्रा झाल्या, देवदर्शनं झाली, लेकीच्या घरी फेऱ्या झाल्या. त्या सगळ्या प्रवासांत ही भीती बाळगली आणि कधी बोलून दाखवली नाही. एका कडीने ती घालवली.

त्या कडीबरोबर एक जबाबदारीही येते. टाकीतला मैला ओढ्यात, नदीत, रस्त्याकडेला ओतायचा नाही, घरी किंवा मुक्कामाच्या ठिकाणी संडासातच रिकामा करायचा. आंबोलीला हिरण्यकेशी उगम पावते. तिथल्या कुंडात एक चिमुकला मासा सापडला, २०२० साली त्याला नदीचंच नाव मिळालं, आणि २०२१ साली सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मासा राहू दे बाजूला, ही नदी पुढे आजरा, गडहिंग्लज करत कर्नाटकात घटप्रभेला मिळते. आपण डोंगरावर जे सोडू ते खाली कुणाच्या तरी घागरीत जातं.

खाली कोण असतं, तेही ऐका. भाचा-भाचेसून आंबोलीहूनच आजऱ्यामार्गे कोल्हापूरला गेले. रात्री पोचल्याचा फोन आला. भाचेसून म्हणाली, "मामी, गडहिंग्लजच्या अलीकडे ट्रॅक्टर लागला. आमच्यासारखंच मागे घर जोडलेलं."

ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत ऊसतोडीची कुटुंबं होती. दसरा झाला की बीडकडून आणि मराठवाड्याच्या दुष्काळी भागातून ही माणसं निघतात आणि कारखान्यांच्या हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात येतात. ट्रॉलीत पत्रे, बांबू, भांडी, धान्याची पोती, शेळी, तान्ही मुलं आणि त्यावर बसलेल्या बायका. पाच-सहा महिने तेच त्यांचं घर. ज्या आठवड्यात आपण हौसेने बिऱ्हाड जोडून थंड हवा खायला निघतो, त्याच आठवड्यात या बायका पोटासाठी बिऱ्हाड बांधून निघतात. मात्र त्यांच्या बिऱ्हाडात कडी लागणारी खोली नसते.

नवरा-बायको मिळून तिथे एक 'कोयता' मोजतात. एका दिवसाची गैरहजेरी म्हणजे 'खाडा', आणि खाड्याला पैसे कापतात. पाळी आहे, अंग दुखतंय, जंतुसंसर्ग झालाय, कशालाही सूट नाही. फडात पाणी नाही, आडोसा नाही. दुखणं अंगावर काढायचं आणि शेवटी कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक म्हणजे कटकट मिटेल. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. कित्येक जणी तर चाळिशीच्याही आतल्या. सगळ्या शस्त्रक्रियांचं कारण एकच असतं असं नाही. पण पाणी, आडोसा आणि एका दिवसाची रजा यांची किंमत किती, हे या आकड्यावरून कळतं.

म्हणून मला वाटतं, पर्यटनाच्या नावाने जेव्हा घाटमाथ्यावर कॅरॅव्हॅनसाठी जागा होतील, वीज येईल, पाण्याची जोडणी येईल, तेव्हा आपण बायकांनी एक गोष्ट ठामपणे मागायला हवी. घाटाच्या पायथ्याशी एक आणि माथ्यावर एक, अशी पाणी असलेली, कडी असलेली आणि उघडी असलेली स्वच्छतागृहं. ती कॅम्परवाल्यांसाठी नकोत, त्यांची सोय त्यांच्यामागे बांधलेली असतेच. एसटीने जाणाऱ्या शिक्षिकेसाठी, बाजाराला डोक्यावर पाटी घेऊन उतरणाऱ्या मावशीसाठी, सहलीला निघालेल्या शाळेच्या मुलींसाठी आणि ट्रॉलीत बसलेल्या त्या बाईसाठी हवीत. बांधून होत नाही, राखायला माणूस लागतो. ते काम तिथल्याच बचत गटाला पगारावर द्या, शेजारी चहा-घावण्यांचा गाळा द्या, बघा कुलूप लागतं का!

हे मागायचं कुठे? ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा आपल्या राज्यात नियम आहे. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच उरकली जाते, कारण आपण जात नाही. जायला हवं, विषय लेखी द्यायला हवा, आणि ठरावात नोंद झाली का ते बघायला हवं. शहरात राहणाऱ्यांनी नगरपरिषदेत अर्ज द्यावा. आणि ज्यांच्याकडे दोन खोल्या नि मोठं परडं आहे, त्यांनी आणखी एक माहिती काढावी. २०२३ साली राज्याने 'आई' नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं. त्यात पर्यटनाचा व्यवसाय सुरू करणाऱ्या महिलांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा देण्याची तरतूद आहे. उद्या जर गाड्या मुक्कामाला येणारच असतील, तर त्या आपल्या परड्यात याव्यात. पाण्याचे, जागेचे आणि जेवणाचे पैसे घरातल्या बाईच्या हातात पडावेत. आम्हाला घावणे करून दिले त्या वहिनी सांगत होत्या, त्या दिवसाच्या पैशांतून लेकीच्या कॉलेजच्या एसटी पासचं भागेल. एका घरच्या बाईची सुट्टी आणि दुसऱ्या घरच्या बाईची कमाई अशी एकाच ताटात बसते.

राहता राहिला आपल्या घरातला ठराव. त्याला सरकार लागत नाही. दिवाळीनंतर मुलांना सुट्टी असेल, हवा छान असेल, कुणाचा तरी भाचा किंवा दीर गाडी घेऊन दारात उभा राहील. जरूर जा. डोंगर बघा, चाक हातात घ्यायची इच्छा असेल तर घ्या, पाणी पोटभर प्या. फक्त निघण्याआधी सामानाची यादी करताना प्रत्येक वस्तूपुढे एक नाव लिहा. चहाचं पातेलं, कोणाकडे? कुकर, कोणाकडे? भांड्याचा साबण, कोणाकडे? सगळ्या ओळींपुढे एकच नाव आलं, तर यादी फाडून टाका आणि सगळ्यांना समोर बसवून पुन्हा लिहायला घ्या. गाडी अर्धा तास उशिरा सुटली तरी चालेल. घाट कुठे जात नाही.